गेटवर धरलेली आई

माझ्या लेकीला, चिमीला, सगळ्यात आधी जो शब्द नीट म्हणता आला, तो 'आत्तू'. 'आई' नाही, 'बाबा' नाही. आत्तू म्हणजे आत्या, म्हणजे माझी नणंद. सगळं घर हसलं. सासूबाई दुखरे गुडघे धरून हसल्या, नवऱ्यानं पोरीला उचलून पुन्हा म्हणायला लावलं, आणि तिनंही लगेच म्हणून दाखवलं. मीही हसले. फक्त तोंडानं.

नणंद माझ्याहून पाच वर्षांनी लहान. लग्न व्हायचं होतं, उंची माझ्याहून वीतभर जास्त, आवाज खणखणीत. ती मला वहिनी म्हणायची. मी तिला एरवी 'अगं' नि 'ए' म्हणून हाक मारायचे, आणि चिडले की 'वन्सं'. त्या दिवसांत मी तिला बरेचदा वन्सं म्हणत होते.

आम्ही दोघी एकाच ठिकाणी कामाला. दोन मजली मोठं दुकान: खाली किराणा नि भांडी, वर कपडे नि खेळणी. आम्ही तिथल्या गार्ड. गेटवर पिशव्या बघायच्या, ट्रायल रूमच्या बाहेर उभं राहायचं, चुकलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या सुनांपर्यंत पोचवायचं. बाळंतपणाच्या रजेवर जाताना मीच तिला तिथे चिकटवलं होतं, 'माझ्या जागी थोडे महिने' असं म्हणून. मी परत आले तोवर ती पहिल्या पाळीत पक्की झाली होती आणि माझ्या वाट्याला दुसरी आली. पहिली पाळी सकाळी सात ते तीन, दुसरी दुपारी एक ते नऊ. मधल्या गर्दीच्या दोन तासांत दोन्ही पाळ्या हजर.

वरवर पाहिलं तर सगळं सोयीचं होतं. सकाळी चिमी माझ्याकडे, दुपारनंतर आत्याकडे, मधला वेळ आजीच्या मांडीवर. "आमची पोर एक मिनिट परक्याकडे जात नाही," असं सासूबाई शेजारणींना ऐकवायच्या. पण ज्यांनी लहान मूल सांभाळलंय त्यांना कळेल: सकाळी मूल सगळ्यांचंच असतं, आल्यागेल्याकडे बघून हसतं. संध्याकाळी दिवे लागले की ते एकाच माणसाचं होतं. आणि त्या वेळेला मी गेटवर उभी राहून दुसऱ्यांच्या पावत्यांवर शिक्के मारत असायचे.

घरी पोचायचे तेव्हा चिमी झोपलेली असायची. आत्याच्या दंडावर डोकं, तोंड उघडं, मुठीत आत्याच्या कुडत्याचं टोक. मी हळूच उचलायला गेले की डोळे किलकिले करून माझ्याकडे बघायची, खालचा ओठ बाहेर काढायची आणि भोकाड पसरायची. नणंद अर्धवट झोपेतच हात पुढे करायची. "दे इकडे." आणि पोर गप्प. बटण दाबावं तशी गप्प.

"तिला वर्दीचा वास येत असेल गं," नणंद म्हणायची. "आधी कपडे बदलत जा."

मी कपडे बदलले. अंघोळ करून मग जवळ जाऊ लागले. साबण बदलला. शेवटी आत्याचाच साबण वापरून पाहिला, इतकी मी घसरले. पोर रडायची ती रडायचीच. नवरा मालाची गाडी चालवतो, दिवसदिवस बाहेर. त्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, बरंच आहे की. फुकटची आया मिळालीय." त्याला काय सांगणार! माझ्या पोटात दुखत होतं ते त्याच्याच बहिणीवरून.

मग पहिल्या पाळीची प्रमुख बाई नोकरी सोडून गेली. मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलं: बायकांसाठी प्रशिक्षण होईल, त्यातून एकीला ती जागा मिळेल, आणि जिला मिळेल तिची पहिली पाळी कायमची. सोबत आणखी एक नियम आला, एका घरातल्या दोघी एका पाळीत नकोत. म्हणजे नणंदेला जागा मिळाली, तर मी जन्मभर दुसऱ्या पाळीत. आणि मला मिळाली, तर साडेतीनला मी घरी. चिमीचा संध्याकाळचा खाऊ माझ्या हातून, झोप माझ्या दंडावर.

घरी हा विषय कोणी काढला नाही. नणंद फक्त एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली, "वहिनी, जिला मिळेल तिला मिळेल. मनात काही ठेवायचं नाही हं."

"छे गं," मी म्हटलं. मनात जागाच उरली नव्हती ठेवायला, आधीच गच्च भरलं होतं.

प्रशिक्षण तळघरातल्या गोदामात. खोक्यांवर बसायचं. शिकवायला निवृत्त हवालदार आले होते, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. खोकल्याच्या गोळ्या चघळत बोलायचे, आणि बोलणं असं की गोदामातले हमालही काम सोडून ऐकायला थांबायचे.

"ही वर्दी कोणी दिली तुम्हाला?"

"कंपनीनं," नणंद म्हणाली. कुठल्याही प्रश्नाला तोंड तिचंच आधी उघडायचं.

"चूक. शिंप्यानं. सरकारनं नाही दिलेली. म्हणून पोलिसाचे अधिकार हिच्यात शिवलेले नाहीत. रस्त्यानं चालणाऱ्या कुठल्याही माणसाला जेवढा अधिकार आहे, तेवढाच तुम्हाला. मोठा गुन्हा स्वतःच्या डोळ्यांसमोर घडला, तरच माणूस धरायचा. कोणाच्या?"

"स्वतःच्या!" आम्ही सगळ्या.

"शेजारणीच्या डोळ्यांसमोर नाही. आणि धरला की लगेच पोलिसांच्या हवाली करायचा. झडती नाही, दमदाटी नाही, खोलीत कोंडून कडी लावणं नाही. कडी लावलीत की गुन्हेगार तुम्ही."

वॉकीटॉकीबद्दलही त्यांनी बजावलं. वॉकीवर फक्त जागा सांगायची आणि मदत मागायची. संशय बोलायचा नाही. "ते यंत्र तुमच्या कानात कुजबुजत नाही, अख्ख्या दुकानाच्या कानात ओरडतं."

अहवाल लिहिण्याच्या तासाला ते सगळ्यात कडक. नणंदेच्या सरावाच्या अहवालात 'संशयास्पद इसम' असं होतं. मास्तरांनी कागद उंच धरला. "संशय कुठे दिसला तुला? रंग कसला होता त्याचा? तो माणूस तीन वेळा दाराकडे वळून बघत होता, असं लिही. संशय वाचणाऱ्याला घेऊ दे." माझा कागद वाचून म्हणाले, "कोरडं लिहितेस. छान." मी दिवसभर तरंगत होते.

पण दुसऱ्या दिवशी आणीबाणीचा सराव झाला. आग लागल्यावर मजला कसा रिकामा करायचा, बेशुद्ध माणसाला कसं हलवायचं, गर्दीला कसं मागे रेटायचं. तिथे नणंदेनं सगळ्यांना पाणी पाजलं. एका जाड्याजुड्या हमालाला एकटीनं खांद्यावर टाकून जिना उतरली. टाळ्या पडल्या. "ही तर वाघीण आहे," मास्तर म्हणाले आणि ते नाव तिला चिकटलं. कॅन्टीनवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची वाघीण. मी आग विझवायच्या नळकांड्याची पिन काढताना नख मोडून घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या शेजारी बसून माझ्याच डब्यातलं खात होती आणि मी मनात म्हणत होते, माझी जागा खाल्लीस, माझी पोर खाल्लीस, आता डबा पण खा.

असं मनात आलं की वाईट वाटायचं. पण यायचं.

ते घडलं सुट्टीच्या वारी, दोन्ही पाळ्या हजर होत्या तेव्हा. मी नुकती आले होते, लॉकरपाशी टोपी घालत होते. कमरेच्या वॉकीतून नणंदेचा आवाज आला, आणि माझ्या एकटीच्या नाही, दुकानातल्या सगळ्या गार्डांच्या कमरेतून आला:

"मुख्य गेट. पोरं पळवणारी बाई धरलीय. लवकर या."

वॉकीवर संशय, मास्तरांनी नको म्हटलं होतं तोच. आणि खरं सांगायचं तर धास्तीच्या मागोमाग मला एक गारवाही वाटला. चुकली. वाघीण चुकली.

मी धावले. वाटेत लोकही धावत होते, कारण त्यांनीही ऐकलं होतं. गेटपाशी कडं झालं होतं. मधोमध साधारण माझ्याच वयाची एक बाई, ऑफिसला जाणाऱ्या बायका घालतात तसे कपडे. तिचा दंड नणंदेच्या एका हातात. दुसऱ्या हातावर, कडेवर, पिवळ्या टोपड्यातलं दीड-एक वर्षाचं बाळ.

बाळ गप्प होतं. नणंदेच्या खांद्यावर गाल टेकून, हुंदके देत, पण गप्प.

"काय झालं?" मी विचारलं.

"ही घाईघाईनं बाहेर निघाली होती," नणंद म्हणाली. "बाळ किंचाळत होतं. आत बघून हात पसरत होतं, हिला लाथा मारत होतं. मी विचारलं बाळ कोणाचं, तर म्हणते माझं!"

"माझंच आहे!" बाई म्हणाली. "अहो, माझंच आहे ते."

"खोटं बोलते!" एक मावशी पुढे सरसावल्या. "वर खेळण्यांपाशी एका बाईच्या कडेवरून हिनं पोर हिसकावलं. मी बघितलं ना! ती बाई बिचारी पाठमोरी झाली तशी ही पळाली."

"आणि बघा ना," मागून कोणीतरी म्हणालं, "गार्डबाईनं घेतल्याबरोबर गप्प झालं. आई असती तर आईकडे रडलं असतं का?"

हे वाक्य मला तोंडात मारल्यासारखं लागलं. त्या माणसाला माहीत नव्हतं तो कोणाला बोलतोय.

मी बाईकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. दोन्ही हात अर्धवट पुढे, बाळाच्या दिशेनं, आणि तिथेच थिजलेले. ते हात मी ओळखत होते. रोज नऊनंतर माझे हात तसेच असायचे, बाळ दुसऱ्याला देऊन टाकल्यावर राहतात तसे रिकामे. बाळाच्या पायातला एक बूट खाली पडला होता. एवढ्या गलक्यात, एवढे लोक अंगावर येत असताना, ती वाकली आणि तिनं तो बूट उचलून छातीशी धरला.

मला आतून कळलं. पण आतून कळलेलं गेटवर चालत नाही, हे मास्तरांनीच घोकून घेतलं होतं. मला जेवढं दिसत होतं ते एवढंच: एक बाई, एक रडून थकलेलं बाळ, आणि अंगावर येणारी माणसं. त्यातलं तिसरं सगळ्यात निकडीचं होतं.

"तिचा दंड सोड," मी नणंदेला म्हटलं.

"पळून जाईल ना!"

"तू काय बघितलंस? रडणं बघितलंस. रडणं हा गुन्हा आहे का? सोड. गर्दी सांभाळ तू, ते तुला येतं. बाळ मला दे."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुकानात नाही, घरात बोलतेय. पण तेवढ्यात मागून कोणीतरी बाईचे केस ओढले आणि "फोडा रे हिला" असं कोणीतरी म्हणालं. नणंदेनं बाळ माझ्या हातात ठेवलं आणि ती वळली. त्याच क्षणी गर्दीतून भिरकावलेली खरेदीची तारेची टोपली, जी त्या बाईच्या डोक्यावर बसायची, ती हिच्या गालावर बसली. मी स्वतः पाहिलं, तिनं गाल मुद्दाम मध्ये घातला. रक्त आलं. "मागे व्हा!" ती गरजली, आणि दोन्ही हात पसरून त्या बाईच्या पुढे भिंत झाली.

इकडे माझ्या हातात बाळानं पुन्हा भोकाड पसरलं. अर्थातच. माझ्याकडे कोण गप्प बसलंय आजवर!

"बघा, पुन्हा रडतंय—" त्या मावशी सुरू झाल्या.

"हो, रडतंय!" मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. "माझ्याकडे रडतंय. मग मलाही धरा! माझी स्वतःची पोर आहे घरी, नऊ महिने पोटात वाढवलेली. मी उचलली की अशीच रडते. आत्याकडे गेली की गप्प होते. मग काय, मी तिला पळवून आणलीय?"

गर्दीत कोणीतरी हसलं. मग एक बाई म्हणाली, "आमचा पण आजीकडेच जायचा." मग आणखी कोणीतरी काही बोललं. पुढे सरकणारे पाय जागच्या जागी थांबले.

नणंदेनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गालावरून रक्त ओघळत होतं आणि ती माझ्याकडेच बघत होती, जणू मी पहिल्यांदा तिच्याशी काही बोलले होते.

मी त्या बाईला म्हटलं, "ताई, तुम्हाला अटक वगैरे काही केलेली नाही. बाहेर गर्दी आहे म्हणून आत बसा. दार उघडंच राहील, आणि मी नि बाळ तुमच्यासमोरच बसतो." गार्डरूममध्ये दोन खुर्च्या नि पाण्याचा पिंप होता. मी काउंटरवरच्या मुलीला माईकवर घोषणा करायला सांगितलं: पिवळ्या टोपड्यातल्या बाळासोबत जे आले असतील त्यांनी गेटपाशी यावं. एवढंच. दुसरा एकही शब्द नाही.

आत बाईनं ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला; बूट अजून दुसऱ्या हातात होता.

"खरंच तुमची पण रडते?" तिनं विचारलं.

"रोज."

"मी महिनाभर परगावी होते कामाला. परवा आले. तीन दिवस झाले, जवळ येत नाही. आज म्हटलं दुकानात नेऊ, खेळणं घेऊ." ती थांबली. "सांभाळणाऱ्या मावशींकडून मीच ओढून घेतलं. त्या पैसे भरायला गेल्या तसा हा रडायला लागला. सगळे बघायला लागले. मला लाज वाटली म्हणून बाहेर निघाले."

म्हणजे दुकानातल्या त्या मावशींनी पाहिलं ते खरंच होतं. पाहिलेलं खरं आणि समजलेलं खोटं.

जिन्यावरून धापा टाकत एक वयस्कर बाई आल्या, दोन्ही हातांत पिशव्या. "अगं बाई, काय झालं हे! अहो, आई आहे ती त्याची, आई!" बाळानं त्यांना पाहिलं आणि माझ्या हातातून जवळजवळ उडीच मारली. त्यांच्या कडेवर गेलं आणि गप्प.

आई उठली. बाळाला घ्यायचा प्रयत्नही तिनं केला नाही. मावशींच्या कडेवरून लोंबणारा तो छोटा पाय तिनं तळहातावर घेतला आणि बूट चढवला. बाळानं पाय ओढला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, केवढं काही मिळाल्यासारखं.

साहेबांनी बोलावलेले पोलीस आले, त्यांनी बाईचं नि नणंदेचं ऐकलं, बाईनं तक्रार करायची नाही म्हणून सांगितलं. जाताना ती नणंदेसमोर थांबली. नणंदेनं हात जोडले. "चुकलं माझं, ताई." बाईनं पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात दिला, गालाला लावायला.

मग अहवाल. मास्तरांचा नियम, ज्या दोघी हजर होत्या त्या वेगवेगळं लिहितील, त्याच दिवशी, पाळी संपायच्या आत. आम्ही गार्डरूममधल्या त्याच दोन खुर्च्यांवर बसलो. तिच्या गालावर पट्टी. साहेब बाहेर मास्तरांशी बोलत होते. ती जागा आजच ठरणार, हे सांगायला कोणाची गरज नव्हती.

नणंद लिहिण्यात कच्ची. तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "वहिनी, बघ ना बरोबर आहे का."

पहिल्याच ओळीत होतं: 'सदर महिलेने बाळ हिसकावून घेताना मी पाहिले.'

मी ती ओळ दोनदा वाचली. वरच्या मजल्यावर ती नव्हतीच. कॅमेरे होते, साहेबांच्या केबिनमध्ये सगळं दिसत होतं. ही ओळ तशीच गेली तर नुसती जागाच नाही, नोकरीही जाणार होती. आणि मला काहीच करायचं नव्हतं. 'बरोबर आहे' एवढंही म्हणायची गरज नव्हती. कागद नुसता परत सरकवायचा. चिमी डोळ्यांसमोर आली, संध्याकाळच्या उजेडातली, जी मी कधी पाहतच नव्हते.

मी उठले, पिंपातलं पाणी प्याले. तहान नव्हती.

"तू बघितलंस?" परत येऊन विचारलं.

"त्या मावशींनी सांगितलं ना."

"मग तसं लिही. 'एका ग्राहक महिलेने मला सांगितले.' तू बघितलेलं म्हणजे रडणं, लाथा, आत पसरलेले हात. तेवढंच तुझं."

तिनं पेन खाली ठेवलं. मूर्ख नाही ती. "म्हणजे न बघताच मी तिला धरलं, असं होतं ना मग?"

"हो."

"आणि वॉकीवर ओरडले, ते?"

"ते पण."

"म्हणजे जागा तुला."

मी पेन परत तिच्या हातात दिलं. मी तिला वाचवत होते की बुडवत होते, हे माझं मलाच सांगता आलं नसतं. तिनं ती ओळ खोडली आणि तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात खरी ओळ लिहिली. जीभ बाहेर काढून लिहीत होती, शाळेतल्या मुलीसारखी.

मग मी माझा कागद पुढे घेतला. सगळं कोरडं लिहून काढलं. शेवटी एका ओळीपाशी अडले. टोपलीची ओळ. ती नसती लिहिली तरी कोणी विचारलं नसतं, गर्दीत कोणाला काय लागलं हे कोण बघतं. पेनचं टोपण चावत बसले. मग लिहिलं: 'भिरकावलेली टोपली सदर महिलेला लागू नये म्हणून माझ्या सहकारी गार्डने स्वतः मध्ये येऊन ती आपल्या गालावर घेतली. हे मी पाहिले.' अख्ख्या अहवालात ही एकच ओळ लिहिताना माझा हात जड झाला, आणि लिहून झाल्यावर तीच पुन्हा वाचाविशी वाटली.

मास्तरांनी दोन्ही कागद उभ्या उभ्या वाचले. "तू खरं लिहिलंस," नणंदेला म्हणाले, "म्हणून नोकरी राहिली. तू गर्दी अडवलीस, म्हणून एक बाई जिवंत घरी गेली. पण गर्दी जमवलीसही तूच, वाघीण." तिनं मान खाली घातली. खोकल्याची गोळी या गालातून त्या गालात सरकवून ते माझ्याकडे वळले. "पहिली पाळी तुझी. सोमवारपासून."

घरी जाताना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण बसमध्ये कडेला बसलेल्या माणसाला सांगावासा वाटेल असा नाही.

सोमवारी साडेतीनला मी घरी. चिमीनं मला दारात पाहिलं आणि माझ्या मागे पाहिलं, आत्तू कुठंय म्हणून. सहापर्यंत बरी होती. दिवे लागले आणि सुरू झालं. मी फिरवलं, थोपटलं, गाणी म्हटली, पंखा वाढवला, पंखा बंद केला. "आत्तू, आत्तू." सासूबाई म्हणाल्या, "सवय होईल गं." मंगळवारीही तेच. बुधवारी रडून रडून तिचा घसा बसला आणि माझा पण. गुरुवारी केव्हातरी, दोघी थकून खाली चटईवर आडव्या झालो असताना, तिनं माझ्या दंडावर डोकं टाकलं. एकदा मान उचलून माझ्या तोंडाकडे बघितलं, हिच्यावर भागवावं लागणार असं ठरवल्यासारखं, आणि झोपली. मुठीत माझ्या कुडत्याचं टोक. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते.

नणंद आता दुसऱ्या पाळीत, नऊला सुटून आली. दार लोटलेलं होतं. तिनं ढकललं, चपला काढल्या, आणि आत पाऊल टाकता टाकता थांबली.

तिनं चिमीकडे पाहिलं. मग त्या मुठीकडे. खांद्यावरची पिशवी उतरवायचं तिला सुचलं नाही. गालावरची खपली गळून तिथे गुलाबी रेघ उरली होती, आणि त्या रेघेच्या भोवतीचा चेहरा हळूहळू असा झाला की मी नजर वळवली. तो चेहरा मी आरशात पुष्कळ वेळा पाहिला होता. त्याच्यावर काय औषध नसतं, तेही मला माहीत होतं.

"झोपली?" ती कुजबुजली.

"आत्ताच."

"रडली नाही ना?"

नाही म्हणता आलं असतं. तिला वाटलं असतं की आता आपली गरज संपली, आणि एका वाक्यात सगळं माझं झालं असतं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं.

"खूप रडली," मी म्हटलं. "दाराकडे बघून. तुझं नाव घेऊन."

तिचे डोळे एकदम चमकले. लगेच तिनं ते खाली वळवले, आनंद लपवायला. चोरून घेतलेल्या खाऊसारखा तो तिच्या गालात मावत नव्हता. "बिचारी," ती म्हणाली, अगदी दुःखानं.

"हात धू," मी म्हटलं. "वर्दी बदलून ये."

ती आली, केस ओले, माझ्याच साबणाचा वास. चिमीच्या पलीकडे गुडघे टेकून बसली. हात पुढे केले नाहीत. मीही पोर तिला दिली नाही. एवढी मी मोठ्या मनाची नाही अजून. पण चटई अरुंद होती, म्हणून मी दंड न हलवता जरा भिंतीकडे सरकले.